वैमानिकाचा रियाज

विमान आता आपले आपणच उडते, वैमानिक केवळ नावाला पुढे बसलेला असतो, असा एक समज चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही रूढ झाला आहे. मुंबईच्या विमानात शेजारी बसलेला सहप्रवासी मोठ्या अधिकारवाणीने ही माहिती देतो आणि आपणही मान डोलावतो. गोमंतकासारख्या चिमुकल्या प्रदेशात आज दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. ज्या घरातले कोणी ना कोणी मुंबईला, आखातात किंवा विलायतेत नाही असे घर येथे शोधावेच लागेल. तेव्हा आपली माणसे ज्याच्या हाती आपण सोपवतो, त्या माणसाच्या हातात नेमके काय उरले आहे याची विचारपूस करणे हे आगंतुक कुतूहल ठरू नये.

यंत्राने विमान समतोल राखण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ सालचे. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९१४ च्या जून महिन्यात, पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने परीक्षकांसमोरून विमान नेताना आपले दोन्ही हात वर केले. त्याचा यांत्रिक साथीदार त्याच वेळी पंखावर चालत गेला. विमान ढळले नाही. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजी सोडत नाही, या साध्या तत्त्वावर स्पेरीचे यंत्र आधारलेले होते. १९३३ साली वायली पोस्टने एकट्याने आठ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती अशाच यंत्राच्या साथीने. वैमानिकाला विसावा मिळावा, त्याचे मन दिशा, हवामान आणि इंधन यांच्या हिशेबाला मोकळे राहावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो स्तुत्यच होता.

पुढे संगणक आला आणि या साथीदाराचा यजमान झाला. आजच्या प्रवासी विमानात निघण्यापूर्वी सारा मार्ग संगणकात भरला जातो. उड्डाणानंतर काही मिनिटांत ऑटोपायलट जोडला जातो. तो उंची, दिशा आणि वेग सांभाळतो, इंजिनाची ताकदही यंत्रच कमीजास्त करते, आणि वैमानिक बहुतांश वेळ पडद्यांवर लक्ष ठेवून असतो. शेवटी धावपट्टी समोर दिसू लागली की यंत्र सोडून तो विमान हाताने उतरवतो. होय, हाताने. दाट धुक्यात, खास उपकरणे असलेल्या धावपट्टीवर, खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक विमान यंत्राकरवी उतरवू शकतात. पण जगातली बहुसंख्य विमाने आजही माणसाचा हातच जमिनीवर टेकवतो. मात्र हाताचे काम यापलीकडे फारसे उरलेले नाही. सात-आठ तासांच्या प्रवासातून काही मिनिटे, एवढाच हिशेब.

या व्यवस्थेने हवाई प्रवास कमालीचा निर्धोक केला, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. यंत्र थकत नाही, पेंगत नाही, त्याचे चित्त विचलित होत नाही. जुन्या काळी डोंगरावर आदळणारी, ढगांत दिशा हरवणारी विमाने आज वाचतात ती बव्हंशी यंत्रामुळेच. जे. आर. डी. टाटा १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले ते आपल्या डोळ्यांच्या आणि हाताच्या भरवशावर. त्या दिवसांचे कौतुक करावे, परंतु ते परत यावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. यंत्राने हात टेकले तर त्या क्षणी माणसाचे हात तयार असतात काय?

याचे उत्तर अटलांटिक महासागराच्या तळाशी, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर, दोन वर्षे पडून होते.

३१ मे २००९ च्या संध्याकाळी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान रिओ द जानेरोहून पॅरिसकडे निघाले. विमानात २२८ माणसे होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर, विषुववृत्ताच्या आसपास, विमान वादळी ढगांच्या पट्ट्यात शिरले. मुख्य वैमानिक नियमाप्रमाणे विश्रांतीला गेला होता; दोन सहवैमानिक आसनांवर होते. विमानाचा वेग मोजण्यासाठी त्याच्या नाकाजवळ वाऱ्याच्या तोंडी बारीक नळ्या बसवलेल्या असतात. त्यांना पिटो नळ्या म्हणतात. त्या नळ्यांत हिमकण अडकले. वेगाचे आकडे परस्परविरोधी येऊ लागले. ज्या माहितीवर विश्वास नाही तिच्या आधारे विमान चालवू नये, अशीच यंत्राची रचना असल्यामुळे ऑटोपायलटने एक सूचनाध्वनी करून विमान माणसाच्या स्वाधीन केले.

या घटकेला विमानाला काहीही झालेले नव्हते. ते ३५ हजार फुटांवर सरळ चालले होते, दोन्ही इंजिने उत्तम चालत होती. हिम वितळून वेगाचे आकडे पूर्ववत व्हायला एक मिनिटही लागले नाही. तेवढा वेळ विमानाचे नाक आणि इंजिनाची ताकद होती तशी राखली असती, म्हणजे जवळजवळ काहीच केले नसते, तरी ते विमान पॅरिसला पोचले असते. परंतु ज्याच्या हाती विमान होते त्या सहवैमानिकाने दांडा मागे खेचला. विमान वर चढू लागले, जवळजवळ ३८ हजार फुटांवर गेले, आणि चढता चढता त्याचा वेग ओसरला. पंखांवरून हवा नीट वाहिनाशी झाली म्हणजे पंखांचा आधार सुटतो. याला वैमानिकी परिभाषेत स्टॉल म्हणतात. स्टॉलवर उपाय एकच: नाक खाली करावे, वेग घ्यावा, पंखांना पुन्हा हवा मिळू द्यावी. फ्लाइंग क्लबात दोन आसनी विमानावर शिकणाऱ्या पोराला अगदी सुरुवातीला हाच धडा देतात. स्टॉलचा धोक्याचा इशारा सलग चोपन्न सेकंद वाजत राहिला. दांडा मागेच होता.

मुख्य वैमानिक दीड मिनिटाने धावत आला, पण तोवर विमान नाक वर करून पोटावर कोसळत होते, मिनिटाला सुमारे अकरा हजार फूट या गतीने. त्यातच एक विलक्षण विपर्यास घडला. विमानाचा मोजलेला वेग इतका घटला की संगणकाने तो आकडाच खोटा मानला आणि धोक्याचा इशारा थांबवला. मध्येच नाक किंचित खाली केले की आकडा पुन्हा खरा वाटे आणि इशारा पुन्हा वाजू लागे. म्हणजे योग्य कृती केली की यंत्र ओरडे आणि चुकीची केली की गप्प बसे. त्या अंधारात, वादळात, घंटा आणि दिव्यांच्या गदारोळात तिघांनाही आपण स्टॉलमध्ये आहोत हे उमजले नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून सव्वाचार मिनिटांत सारे संपले.

तिघांच्या उड्डाणाच्या तासांची बेरीज वीस हजारांहून अधिक होती. ही नवशिकी माणसे नव्हती. २०११ साली समुद्रतळातून नोंदयंत्रे वर काढल्यावर फ्रान्सच्या चौकशी संस्थेने २०१२ च्या जुलैत अंतिम अहवाल दिला. त्यात इतर अनेक कारणांबरोबर एक गोष्ट नमूद आहे, ती आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. इतक्या उंचीवर विमान हाताने चालवण्याचे प्रशिक्षण या सहवैमानिकांना दिलेलेच नव्हते. द्यायचे कोणी आणि कोठे? २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात वरखाली जाणाऱ्या विमानांत केवळ हजार फुटांचे अंतर ठेवलेले असते आणि म्हणून तेथे उंची राखण्याचे काम यंत्राकडे असावे असा दंडक आहे. दंडक योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की, वैमानिक आयुष्याचा मोठा भाग ज्या उंचीवर घालवतो, तेथील विरळ हवेत विमान हाताला कसे लागते हे त्याला ठाऊकच नसते. जमिनीजवळ जेवढा दांडा हलवावा लागतो तेवढा तेथे हलवला तर विमान उधळते.

शिवाय या विमानाविषयी आणखी एक श्रद्धा होती. त्याचा संगणक वैमानिकाला मर्यादेबाहेर जाऊच देत नाही, दांडा कितीही खेचला तरी स्टॉल होत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षे अनुभवले होते. वेगाची माहिती गेली तेव्हा ते संरक्षणही गेले. पडद्यावर तशी नोंद उमटली. पण हाताला लागलेली सवय पडद्यावरच्या नोंदीने जाते थोडीच?

ही विसंगती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती असे नाही. लिझान बेनब्रिज या लंडनच्या विदुषीने १९८३ साली एक छोटा निबंध लिहून स्वयंचलनाच्या मुळाशी असलेला पेच मांडला होता. तिचा मुद्दा असा: सोपी कामे यंत्राला दिली की माणसाकडे उरतात ती फक्त अवघड आणि क्वचित उद्भवणारी, आणि ती करण्यासाठी जो सराव हवा तो तर सोप्या कामांतूनच मिळत होता. विमानाचा त्यात नामोल्लेख असो वा नसो, अटलांटिकवरील त्या रात्रीचे निदान सव्वीस वर्षे आधी लिहून झाले होते.

येथे एका संशोधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण त्याचा निष्कर्ष आपल्या अपेक्षेला छेद देणारा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोळा व्यावसायिक वैमानिकांना बोइंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवून एकेक यंत्रणा काढून घेतली गेली. दांडा धरून विमान सरळ ठेवण्याचे, उपकरणांवरून नजर फिरवण्याचे कसब थोडे गंजले होते, पण टिकून होते. जे ढासळले होते ते निराळेच. आपण आत्ता कोठे आहोत, पुढची पायरी कोणती, कोणते उपकरण खोटे बोलत आहे, हे मनात सतत जुळवत राहण्याची शक्ती क्षीण झाली होती. हात तितका विसरत नाही. विसरते ते डोके. रिकाम्या बसलेल्या माणसाचे मन भटकते आणि ज्याचे मन विमानाच्या पुढे धावत असायला हवे ते विमानाच्या मागे राहते.

आपल्या देशाला हा धडा फार पूर्वीच मिळाला होता. १४ फेब्रुवारी १९९० रोजी भर दुपारी, स्वच्छ हवेत, मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० हे विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण दगावले. विमान ताफ्यात येऊन काही आठवडेच झाले होते. खाली उतरताना यंत्र अशा अवस्थेत गेले होते की इंजिने जेमतेम फिरत राहिली आणि वेग घटत गेला. पुढे बसलेले दोघेही अनुभवी. इंजिनांना ताकद देण्याची निकड त्यांच्या ध्यानात आली तेव्हा उशीर झाला होता. जेट इंजिनाला निद्रेतून जागे व्हायला काही सेकंद लागतात आणि ते सेकंद उरले नव्हते. त्या विमानाच्या रचनेवर तेव्हा पुष्कळ वादंग माजले, सरकारने सारा ताफाच काही महिने जमिनीवर ठेवला. चौकशीने बोट ठेवले ते वेळीच न हललेल्या हातावर.

तेवीस वर्षांनी, ६ जुलै २०१३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ जवळपास त्याच रीतीने समुद्रकाठच्या बांधाला आपटले. कंपनी वेगळी, विमान वेगळे, देश वेगळा. हवा तशीच निरभ्र. उतरण्याचा मार्ग दाखवणारी जमिनीवरची यंत्रणा बांधकामामुळे बंद होती, म्हणून डोळ्यांनी पाहून उतरायचे होते. वेग यंत्र सांभाळते आहे अशी वैमानिकाची समजूत. यंत्र त्या अवस्थेत वेग सांभाळतच नव्हते. ३०७ पैकी तिघांचा बळी गेला. अमेरिकन चौकशी मंडळाने यंत्रावरील अतिरिक्त विसंबून राहण्याची स्पष्ट नोंद केली.

याउलट ज्यांचे हात तयार होते त्यांच्या कथा जगभर सांगितल्या जातात. १९८३ च्या जुलैत एअर कॅनडाच्या नव्याकोऱ्या बोइंग ७६७ मध्ये पौंड आणि किलो यांच्या घोळामुळे निम्मेच इंधन भरले गेले. ४१ हजार फुटांवर असताना इंजिनांनी मान टाकायला सुरुवात केली. कप्तान रॉबर्ट पिअर्सन हौशी ग्लायडर-चालक होते. त्यांनी ते अजस्र विमान इंजिनाविना तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. ६९ पैकी कोणाचाही प्राण गेला नाही. न्यूयॉर्कच्या हडसन नदीत १५ जानेवारी २००९ रोजी विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारे चेस्ली सलेनबर्गर हेही तरुणपणापासून ग्लायडरवर हात बसलेले. पण तेथेही यंत्राचे देणे नाकारू नये. दोन्ही इंजिने पक्ष्यांनी निकामी केल्यावर संगणकाने विमानाला शेवटपर्यंत मर्यादेत राखले, म्हणून ते पाण्यावर सरळ टेकले. हात आणि यंत्र एकमेकांना ओळखत होते.

आता एका धोक्याची जाणीव दिली पाहिजे. 'वैमानिकांना विमान चालवता येईनासे झाले आहे' हे वाक्य कारखानदारांना फार सोयीचे असते. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ माणसे मेली, तेव्हाही कुजबुज वैमानिकांच्या कुवतीविषयीच सुरू झाली होती. प्रत्यक्षात एका बिघडलेल्या संवेदकाच्या सांगण्यावरून विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलणारी एक यंत्रणा त्यात बसवलेली होती आणि तिच्या अस्तित्वाचा उल्लेख वैमानिकांच्या पुस्तिकेतही केलेला नव्हता. ज्याची माहितीच दिली नाही त्याचा सराव माणूस कसा करणार? म्हणून वैमानिकांच्या हातांविषयी लिहिताना यंत्र बनवणाऱ्यांचे हात झाकले जाणार नाहीत, याची दक्षता आम्ही घेतो.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या भूमीत रियाज म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. कितीही मोठा गवई झाला तरी तंबोरा रोज लावावा लागतो. समुद्रावरही तीच गत. ट्रॉलरवर जीपीएस आले आणि डोंगराच्या खुणा, तारे यांवरून बंदर गाठणारे तांडेल उताराला लागले. पडदा विझला की नव्या पिढीला किनारा कुठल्या बाजूला हे सांगता येईल याची खात्री नाही. तांडेलाला निदान रोज जाळे तरी ओढावे लागते. वैमानिकाला रियाज करायचा तो केव्हा?

नियमाने त्याला नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे करावी लागतात. सिम्युलेटरवर ठराविक मुदतीने परीक्षाही द्यावी लागते. पण नियम अवतरणे मोजतो, दांडा किती मिनिटे हाती होता हे मोजत नाही. विमान कंपन्यांना यंत्राने उडवणे परवडते, इंधन वाचते, प्रवाशाला धक्के कमी बसतात. त्यात प्रत्येक उड्डाणाची बारीकसारीक नोंद यंत्रात होते आणि मर्यादेबाहेर काही घडले की खुलासा मागितला जातो. ही नोंद सुरक्षिततेसाठी अमूल्य आहे, यात वाद नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की, यंत्र सोडून हाताने चालवावे असे एखाद्या तरुण सहवैमानिकाच्या मनात आले, तर उगाच कशाला नोंद ओढवून घ्या, असे म्हणून तो गप्प बसतो.

अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २०१३ च्या जानेवारीत एक इशारापत्रक काढून, योग्य परिस्थितीत हाताने विमान चालवण्यास उत्तेजन द्यावे असे कंपन्यांना कळवले. पूर्ण स्टॉलमधून बाहेर येण्याचे सिम्युलेटरवरील प्रशिक्षण तेथे २०१९ पासून बंधनकारक आहे. तोवरची कित्येक सिम्युलेटरे खरा स्टॉल दाखवूच शकत नव्हती, हे ऐकून सामान्य माणूस थक्क होईल. भारतात २०२३ या एका वर्षात इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली. विमाने पैशांनी येतात. त्यांच्यासाठी लागणारे हजारो वैमानिक फ्लाइंग क्लबातून थेट संगणकाच्या दालनात जाणार आहेत. हवेशी झटण्याची त्यांची शिदोरी थोडी असणार. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रत्येक कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागवाव्यात असे आम्हांस वाटते: वैमानिकाला यंत्र सोडण्याची मोकळीक कोणत्या परिस्थितीत आहे, आणि गेल्या सहा महिन्यांत त्याने ती किती वेळ वापरली. उत्तर शून्य मिनिटे आले तर तो वैमानिकाचा दोष मानू नये, कंपनीचा मानावा. सिम्युलेटरचा एखादा दिवस केवळ यासाठी, गुण न देता, चुका करण्याची मुभा देऊन राखून ठेवावा. त्याला पैसे पडतात. तिकिटाच्या किमतीत ते बसवावेत. आम्ही प्रवासी ते देऊ.

प्रवासी बसलेले असताना सराव करावा काय, असा आक्षेप कोणी घेईल. निरभ्र दिवस, मोकळे आकाश, शेजारी लक्ष ठेवणारा दुसरा वैमानिक, अशा वेळी दहा हजार फुटांखाली दहा-पंधरा मिनिटे हाताने विमान आणणे यात प्रवाशाला धोका नाही. हा सराव कधीच न केलेला माणूस पुढे बसलेला असणे, हा मात्र धोका आहे.

दाबोळीच्या पठारावर नौदलाने विमानवाहू जहाजाच्या पाठीसारखी एक धावपट्टी बांधली आहे. तेजसच्या नौदलीय आवृत्तीने विक्रमादित्यवर ११ जानेवारी २०२० रोजी पहिले अवतरण केले, त्याआधी दोरीला हुक अडकवून थांबण्याची कसरत याच जमिनीवर वारंवार झाली होती. ते विमानही नखशिखान्त संगणकाचे. तरीही समुद्रावर जाण्यापूर्वी जमिनीवर किती वेळा, याचा हिशेब तेथे कोणी कंजूषपणाने केला नाही.

त्याच पठारावर आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी, वारा आडवा सुटलेला असताना आणि पावसाच्या पडद्यामागे धावपट्टीचे दिवे लपत-दिसत असताना, मुंबईचे विमान खाली येत असते. शेवटच्या टप्प्यात एक बारीक सूचनाध्वनी होतो. प्रवाशांना तो ऐकू येत नाही. ऑटोपायलट सुटलेला असतो.